सागवान हलत नाही

या जगात टिकणाऱ्या गोष्टी दोनच. एक सागवान आणि दुसरा मर्दानं दिलेला शब्द. बाकी सगळं, म्हणजे सरकारं, पूल, सोयरिकी आणि ताडकळसचा डांबरी रस्ता, हे येतं आणि जातं.

हे विधान दत्तरावांचं. ते करताना दत्तराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले असत. खुर्ची माझी होती आणि तिचा मागचा एक पाय मी तारेनं बांधलेला होता. विधान जोरात आलं की खुर्ची कुरकुरायची. पण दत्तराव तिकडं लक्ष देत नसत. प्लॅस्टिकचं मत ते विचारात घेत नसत.

दत्तराव माझे शेजारी. घराणं शेळ्या-मेंढ्यांमागं फिरणारं. दत्तरावांनी मेंढ्या कमी केल्या, शेती धरली आणि तरुणपणीच बांधाच्या कडेला, जिथं काळी माती संपून मुरूम लागतो, तिथं सागाची रोपं लावली. ज्या घराच्या शेळ्यांनी गावातली निम्मी झाडं खाल्ली, त्याच घरातला माणूस झाडं लावायला लागला, याचं गावाला नवल वाटलं. लोकांनी सांगितलं, तुझ्याच शेळ्या खातील. शेळ्यांनी पानं हुंगली आणि निघून गेल्या. सागाच्या पानाला शेळी तोंड लावत नाही, हा सागवानाचा पहिला गुण दत्तरावांना त्या दिवशी कळला. मग त्यांनी उरलेले गुण शोधायला आणि सांगायला आयुष्य वाहून घेतलं.

विरजण मागायला आलेल्या बाईलाही ते सांगत की, या लाकडाच्या अंगात तेल असतं, म्हणून वाळवी त्याला शिवत नाही. पावसात ठेवलं तर फुगत नाही, उन्हात ठेवलं तर तडकत नाही. यात ठोकलेला खिळासुद्धा गंजत नाही. जुन्या काळी समुद्रावरची जहाजं याचीच करत. समुद्र दत्तरावांनी पाहिलेला नव्हता, पण जहाजांबद्दल ते घरच्या बैलांबद्दल बोलावं तसं बोलत. बाई विरजण विसरून जायची.

त्यांची एकुलती लेक बबिता हिला मात्र सागवानाचा एकच गुण ठाऊक होता. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरलं की हात लालभडक होतो. लहानपणी ती तसे हात रंगवून माझ्या ओट्यावर यायची आणि मेंदी कशी झाली ते विचारायची. लय भारी झाली, असं म्हणावं लागे. नाही म्हटलं तर ती तेच हात माझ्या धोतराला पुसायची.

बबिताचं लग्न पोखर्णीच्या आदिनाथशी ठरलं. पोरगा चांगला. थोडी शेती, शिवाय पोखर्णी ते परभणी जीप चालवायचा. दत्तरावांनी बांधावरचं सगळ्यात जुनं झाड काढायचं ठरवलं. स्वतःचं झाड तोडायला जी परवानगी लागते, तिला इतका कागद लागला की दुसरं एखादं झाड त्यातच गेलं असावं. पण झाड पडलं, फळ्या निघाल्या आणि परमेश्वर सुतार कामाला लागला. पलंग करायचा होता.

दत्तरावांची अट एकच. पलंगात खिळा नको, स्क्रू नको. मी म्हणालो, सागात खिळा गंजत नाही असं तुम्हीच सांगता. ते म्हणाले, गंजायचा प्रश्न नाही, खिळा म्हणजे लाकडावर अविश्वास. त्यामुळं परमेश्वरानं एका लाकडाच्या भोकात दुसऱ्याची जीभ बसवली आणि आरपार सागाच्याच खुंट्या ठोकल्या. तीन पिढ्या हा पलंग उलगडता कामा नये, असं त्याला बजावलेलं होतं. परमेश्वर हा ऐकणारा सुतार आहे. पलंग इतका ऐसपैस झाला की जोडलेला कुठल्याच दारातून गेला नसता. म्हणून सगळे भाग पोखर्णीला नेऊन त्यानं आदिनाथच्या खोलीतच तो उभा केला. दत्तराव तेव्हा लग्नाच्या गडबडीत होते. त्यांनी स्वतःचा पलंग उभा राहिलेला पाहिलाच नाही.

लग्नानंतरही नाही पाहिला. आमच्याकडं जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आता ही रीत कोण पाळतं? दत्तराव पाळत. सागवानावर विश्वास ठेवणारा माणूस अशा गोष्टींना चिकटून असतो. सणावाराला लेकीला न्यायला गेले तरी ते पोखर्णीत ओट्यावर, चपला न काढता बसायचे. तहान लागली तर नरसिंहाच्या देवळापर्यंत चालत जाऊन तिथं पाणी प्यायचे. आत म्हणून गेले नाहीत.

अशातच बबिताचे फोन सुरू झाले.

"आबा, पलंग हलायलाय."

"सागवान हलत न्हाई," दत्तराव सांगायचे. "तुमची फरशी वाकडी हाय."

हे इतक्यांदा झालं की तो बापलेकीचा रामराम होऊन बसला. इतर पोरी फोनवर जेवलात का विचारतात. ही विचारायची, आबा, हलत न्हाई न्हवं? हे म्हणायचे, फरशी नीट करा. दिवाळीला आली की माझ्या खुर्चीकडं बोट दाखवून म्हणायची, काका, ही खुर्ची सागवानी हाय का? मग दत्तराव खोटं खोटं रागवायचे. एकदा येऊन बघा तरी, असं ती जाताना म्हणायची. दत्तराव म्हणायचे, नातू झाला की येतो, आतच येतो, त्याच पलंगावर झोपतो.

भाद्रपदात तिला ताप आला. पेशी कमी झाल्या म्हणाले. परभणीला नेलं, तिथून नांदेडला न्यायचं ठरलं, आणि वाटेतच सगळं आटोपलं. पोरबाळ नव्हतं.

त्यानंतर दत्तराव रोज संध्याकाळी माझ्याकडं येत, त्याच खुर्चीवर बसत आणि काही बोलत नसत. लोक मुद्दाम विचारायचे, दत्तराव, चौकटीला कोणतं लाकूड घ्यावं? ते म्हणायचे, घ्या कोणतंबी. खुर्चीची कुरकूर बंद झाली. मला ती कुरकूर इतकी आठवेल असं कधी वाटलं नव्हतं.

वर्ष सरल्यावर आदिनाथ आला. खाली मान घालून म्हणाला, घरचे दुसरं लग्न करा म्हणतात. तुमी न्हाई म्हणला तर करत न्हाई. दत्तराव म्हणाले, करा. एवढंच. उन्हाळ्यात लग्न झालं. मुलगी पाथरीकडची, विजयमाला नावाची.

आता इथं आणखी एक रीत आहे. पहिली गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की ती दुसरी पहिलीच्या माहेरची लेक होते. तिला साडीचोळी करायची, घरी बोलवायचं, ओटी भरायची. ती गेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक गळ्यात घालते. पाण्याची रीत जिवापाड पाळणारे दत्तराव ही रीत मात्र साफ विसरले. कोंडावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोनदा विषय काढला. दत्तराव दोन्ही वेळा मेंढ्या बघायला गेले.

आणि एके सकाळी ते माझ्या ओट्यासमोर उभे राहिले. मागं परमेश्वर, हातात करवत. रस्त्यावर पप्पूचा टेम्पो.

"चला बन्सीधरराव. पलंग आनायचाय."

मी म्हणालो, दिलेली वस्तू अशी परत आणतात का? ते म्हणाले, लेकीला दिली होती, लेक न्हाई. मग मान दुसरीकडं करून म्हणाले, "तिच्या पलंगावर दुसरी कोन झोपायलीय, हे डोक्यातून जाईना मला."

कोंडावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, पलंग आणून त्यावर झोपायचं कुणी? दत्तराव म्हणाले, सागवान हाय, पडून राहिलं तरी खराब होत न्हाई. वहिनींनी मान हलवली. मग मी चपला घालत असताना त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत साडी आणि खण होता. हळूच म्हणाल्या, त्या पोरीला द्या, यांना कळू देऊ नका. मी पिशवी टेम्पोत सीटखाली सरकवली आणि असं काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं बसलो. निवडणुकीच्या दिवसांत असले चेहरे गावात पुष्कळ दिसतात.

परभणी ओलांडली. पप्पूनं एकदा विचारलं, पलंग एवढा मोठा हाय तर माझ्या टेम्पोत मावतो का? परमेश्वर म्हणाला, आधी दारातून तर निघू दे. दत्तरावांनी दोघांकडंही पाहिलं नाही.

पोखर्णीला आदिनाथ घरीच होता. त्याची आई लगबगीनं पुढं आली, बसायला सतरंजी टाकली आणि मग जुन्या सवयीनं पाण्याचं काही विचारलं नाही. या घरात दत्तरावांना पाणी विचारत नसत.

दत्तराव म्हणाले, "पानी द्या."

विहीणबाई जागच्या जागी थांबल्या. दत्तराव पुन्हा म्हणाले, तहान लागलीय. आता प्यायला काय हरकत हाय? हितं आमचं कोन हाय?

पाणी आलं. ते एका नव्या मुलीनं आणलं. बारीक, सावळी, पदर कपाळापर्यंत. मंगळसूत्राच्या वाट्यांशेजारी चांदीचा टाक होता. दत्तरावांनी टाकाकडं पाहिलं नाही. तांब्या उचलला आणि वरून धार धरून ते पाणी पीत राहिले. किती वेळ पीत होते! तहान एवढी कुणालाच नसते. आदिनाथच्या आईनं तोंडाला पदर लावला. तांब्या रिकामा करून त्यांनी तो खाली ठेवला आणि ते पलंगाचं बोलले.

मला वाटलं आता भांडण होईल, आणि भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दत्तराव तयारीनं आले होते. पण आदिनाथ म्हणाला, न्या आबा, तुमचाच हाय. भांडायला कुणी उरलंच नाही. दत्तरावांनी चपला काढल्या आणि त्या घरात पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं.

पलंग होता मात्र देखणा. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात लाकूड मधासारखं दिसत होतं. वर गादी नव्हती, चादर नव्हती. उशाशी उदबत्तीचं घर आणि त्याखाली राखेची छोटी रांग. कोपऱ्यात जमिनीवर एक गोधडी गुंडाळून ठेवलेली. हे सगळं मी पाहिलं. दत्तराव फक्त लाकूड बघत होते. त्यांनी त्यावर एकदा हात फिरवला आणि हात लगेच मागं घेतला.

परमेश्वर सगळीकडून फिरला, खुंट्या ठोकून पाहिल्या, खाली वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, निघत न्हाई. तुमीच म्हणला व्हता, तीन पिढ्या निघला न्हाई पाह्यजे. कापावा लागतो. हे तो अभिमानानं सांगत होता. आपलं काम मोडत नाही, हे ऐकवायला त्याला इतके दिवस गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

"काप," दत्तराव म्हणाले.

परमेश्वरानं खिडकीकडच्या पायाला करवत लावली आणि एकदा ओढली. सागवानाचा तो वास खोलीत सुटला, जुन्या चामड्यासारखा. दुसऱ्यांदा ओढली आणि पलंग हलला. खट् असा आवाज झाला.

दारात उभी असलेली विजयमाला भिंतीला टेकली.

"नका कापू आबा," ती म्हणाली. "ताई उठल्या."

परमेश्वराचा हात थांबला. मग तुटक तुटक, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, तिनं सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिल्याच रात्री ती या पलंगावर झोपली होती. कूस बदलली आणि खट् झालं, पलंग एका बाजूला कलला, जसं पलीकडं कुणीतरी उठून बसावं. ती तशीच पडून राहिली. पुन्हा हलली तर पुन्हा तेच. सकाळी तिनं गादी काढली आणि तेव्हापासून ती जमिनीवर झोपते. आदिनाथला कारण सांगितलं नाही. रोज संध्याकाळी पलंगाशी उदबत्ती लावते आणि ताईंची माफी मागते. मी मुद्दाम तुमच्या जागी आले न्हाई, असं सांगते. तरी त्या रागात हायती. पलंगाजवळून गेलं, धक्का लागला, की उठून बसतात.

परमेश्वरानं, दत्तरावांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेलं असल्यामुळं, आपोआप म्हटलं, "फरशी वाकडी हाय."

दत्तराव पलंगाकडं बघत उभे होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ते गप्प राहिले असते तर बबिता त्या खोलीत राहिली असती. रागात का होईना, हलत्या पलंगावर का होईना, पण कुणाला तरी ती रोज उठून बसलेली दिसली असती. कुणीतरी तिच्यासाठी उदबत्ती लावली असती. आणि सागवानाची इज्जतही शाबूत राहिली असती. गप्प राहण्यात दत्तरावांचा सगळीकडून फायदा होता.

त्यांनी हात पुढं केला आणि पलंगाचा कोपरा दाबला. खट्. सोडला. खट्. पुन्हा दाबला. मग खाली बसले आणि त्या पायाखाली बोट घातलं. बोट गेलं.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "ती हितं न्हाई."

बोट त्यांनी काढलं नाही.

"ह्यो पाय आखूड हाय. तिनं मला कितीदा सांगितलं व्हतं, आबा, पलंग हलायलाय. म्या ऐकलं न्हाई."

"फरशी..." परमेश्वर म्हणाला.

"फरशी सरळ हाय," दत्तराव म्हणाले.

परमेश्वरानं करवत खाली ठेवली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक म्हैस होती, पण मी ती अगदी लक्ष देऊन पाहिली. विजयमाला हळूहळू पलंगाजवळ आली. दत्तरावांनी तिला कोपरा दाबायला सांगितलं. तिनं घाबरत दाबला. खट् झालं. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबताना ती रडायला लागली. घाबरून रडत होती की सुटका झाली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तिला पलंगावर बसायला सांगून दत्तराव म्हणाले, वापर. लाकडाला मानूस लागतं.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बन्सीधरराव, टेम्पोतली पिशवी आना. सीटखालची. आमाला काय दिसत न्हाई व्हय?"

मी पिशवी आणली. दत्तरावांनी आपल्या हातानं साडी आणि खण विजयमालाच्या ओंजळीत ठेवला. ती वाकून पाया पडली. वाकताना तो टाक पुढं आला आणि दत्तरावांच्या पावलावर टेकला. त्यांनी पाऊल हलवलं नाही. ती उठेपर्यंत तसेच उभे राहिले. उठली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या टाकाकडं नीट पाहिलं.

तोवर विहीणबाईंनी चहा केला होता. विजयमालानं कप पुढं केला. दत्तरावांनी हात जोडले.

"लेकीच्या घरचं कसं घ्यावं? तुला लेकरू झाल्यावर बघू."

आदिनाथ झटकन उठून बाहेर गेला. त्याची आई चुलीकडं तोंड करून बसली. पप्पू दारातून हे सगळं बघत होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, मघाशी तर तांब्याभर पिले. मी त्याला म्हणालो, तुझा टेम्पो सुरू कर.

आम्ही निघायला लागलो. परमेश्वरानं जाता जाता पायावरच्या करवतीच्या ओरखड्यावर थुंकी लावून तो पुसायचा प्रयत्न केला. ओरखडा गेला नाही. आता तो तीन पिढ्या राहील. दत्तराव ओट्यापर्यंत आले, चपलेत पाय घातला, आणि थांबले. चपला पुन्हा काढून आत गेले. मला वाटलं, आता हा माणूस मोडला, आता रडेल. मी मागं गेलो.

ते पलंगाच्या त्या आखूड पायापाशी उभे होते. विजयमालाच्या हातात नवी साडी तशीच होती.

"पोरी," ते म्हणाले, "साडीच्या घडीत पुठ्ठा असतोय बघ. तेवढा दे."